फॉर्मवर स्टेम सेलचा रकानाच नाही

किडनी ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटचं सिरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) आणि डोनरच्या पेशी एकत्र करून बघायच्या, जगतात की मरतात, ही क्रॉसमॅच टेस्ट माझं काम. मेल्या तर पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटिबॉडी आहेत, म्हणजे ती किडनी टिकणं अवघड. त्यासाठी डोनरच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जिवंत लागतात, म्हणून रक्ताची पिवळ्या टोपीची ट्यूब थंड करायची नसते, पण कलेक्शनवाल्या पोरांना कितीही सांगा, ट्यूब बर्फाच्या पॅकवर बसूनच नाशिकला येते. असो.

केस निफाडकडची. तरुण मुलगा, काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून मणक्याला मार, कमरेखाली काही कळत नाही. अशा पेशंटची लघवी नीट सुटत नाही, मागे किडनीकडे चढते, सारखी इन्फेक्शनं होतात आणि हळूहळू किडन्या जातात. याच्याही गेल्या. डोनर आई.

ट्रे मायक्रोस्कोपखाली घेतला तर आईच्या टी-सेल, म्हणजे त्यातल्याच एका प्रकारच्या लिम्फोसाइट, जवळपास सगळ्या मेलेल्या. जिवंत पेशी चकाकते, मेलेली इओसिनचा रंग ओढून फुगते आणि काळपट दिसते. स्कोअर ८, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर खलास. आयजीएम या सहसा कमी धोक्याच्या अँटिबॉडीमुळे असेल म्हणून त्या मोडणारं डीटीटी घालून परत लावली, तरी ८. टेस्ट नीट चालली का हे दाखवणारे कंट्रोल दोन्ही बरोबर, ऑटो क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे स्वतःच्या पेशींशी भांडण नाही, परक्या एचएलएशीच आहे, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणांशी.

परक्या पेशींशी आधी कधी संबंध आला, याबद्दल आमच्या फॉर्मवर तीनच प्रश्न असतात, बाळंतपणं किती, रक्त चढवलंय का, आधी ट्रान्सप्लांट झालंय का. अपघाताच्या वेळी रक्ताच्या दोन बॅगा लागल्या होत्या. तेवढ्यानं होऊ शकतं, पण माझं मन मानेना, म्हणून भावाला विचारलं, दुसरं काही केलं होतं का? तर तो अगदी सहज म्हणाला, "ते पाठीतून स्टेम सेलचे दोन डोस दिले ना मॅडम, नाळेतले. नस परत जुळते म्हणाले." दुसऱ्या डोसनंतर चांगलाच ताप आला होता, तर "सेल काम करतायत" असं सांगून घरी पाठवलं.

मी त्या सेंटरला फोन करून त्या नाळेचं एचएलए टायपिंग, म्हणजे तिच्यावर कुठल्या खुणा होत्या त्याचा रिपोर्ट, मागितलं. पलीकडून उत्तर, "या सेलना मॅचिंग लागतच नाही." टायपिंग केलेलंच नाही!

डोकंच फिरलं. नाळेतल्या मेसेन्कायमल (एक प्रकारच्या स्टेम सेल) पेशींवर एचएलए कमी असतं हे खरं, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि सूज असलेल्या जागी इंटरफेरॉन गॅमा हे शरीरातलंच प्रथिन भेटलं की ते वाढतं. मेंदू-मणक्यात इम्यून सिस्टिम फिरकत नाही हाही अर्धवट समज. १९४८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावरनी सशांच्या मेंदूत परकी कातडी लावली, ती टिकली, पण ज्या सशांना तीच कातडी आधी अंगावर लावली होती त्यांच्या मेंदूतलीही गेली. २०१० मध्ये अमेरिकेत जेरॉन कंपनीनं मणक्याच्या पेशंटमध्ये भ्रूणाच्या स्टेम सेलपासून केलेल्या पेशी सोडल्या तेव्हा इम्यून सिस्टिम दाबणारं टॅक्रोलिमस दिलं होतं, उगाच नाही. आणि आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे मणक्यासाठी हे मंजूर ट्रायलच्या बाहेर करायचंच नाही. पैसे घेऊन तर नाहीच.

पण मग या अँटिबॉडी आल्या कुठून, रक्तातून की नाळेतून? हे काही सुटत नाही. अपघाताआधीचं सिरम कुणाकडे असणार? रक्त देणाऱ्यांचं टायपिंग कुणी करत नाही. सिंगल अँटिजेन टेस्टला सॅम्पल मुंबईला पाठवलंय, त्यात अँटिबॉडी कुठल्या एचएलएविरुद्ध आहेत ते कळेल, पण ताडून बघायला नाळेच्या टायपिंगचा कागद हवा ना. तो असता तर निदान अंदाज तरी बांधता आला असता. आईकडून मुलाला एचएलएचा अर्धा संच मिळतो, आईचा उरलेला अर्धा त्याला परका, तो नेमका नाळेशी जुळत होता का, हा प्रश्न मला रात्री जेवतानाही सुचतो.

नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, प्लाझ्माफेरेसिस (रक्तातल्या अँटिबॉडी काढून टाकणं) किंवा स्वॅप डोनरचं (दुसऱ्या कुटुंबाशी डोनरची अदलाबदल) बघतायत. दोन्ही महाग, वेळखाऊ.

रिपोर्ट न्यायला भाऊ आला तेव्हा जाता जाता म्हणाला, तिसऱ्या डोसचे पैसे भरलेत, परत देत नाहीयेत, घेऊन टाकू का? आमच्या साहेबांचा नियम आहे, काउंटरवर सल्ला द्यायचा नाही. मी म्हटलं, दादा, पैसे गेले तर जाऊ द्या, डोस अजिबात घेऊ नका, आणि नेफ्रॉलॉजिस्टना आजच्या आज हे सांगा, त्यांना अजून स्टेम सेलचं माहीतच नाहीये.