गाणं तर तयार होतंच, मग संशोधन कशाचं?

दोन ओळींची सूचना लिहिली की गायकाच्या आवाजासकट अख्खं गाणं हातात येतं. मग एआय आणि संगीतरचना या विषयात शोधायला उरलंय काय, असं मला बरेचदा विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच उरलंय: त्या गाण्यात रचनाकाराला हात घालता येतो का?

१९५७ मध्ये हिलर आणि आयझॅक्सन या दोन संशोधकांनी इलिनॉय विद्यापीठातल्या इलियाक संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. यंत्र वाटेल ते स्वर काढायचं आणि नियमात न बसणारे टाकून द्यायचं. नियम माणसांनीच लिहिलेले, त्यामुळे एखादा स्वर का टिकला हे दाखवता यायचं. पुढे उदाहरणांवरून शिकणारी मॉडेल्स आली आणि ती सोय गेली.

तोवर यंत्र स्वरलेखन करायचं, म्हणजे कुठला स्वर कधी ते खुणांनी लिहायचं. मग संशोधक ते सोडून थेट ध्वनीकडे वळले. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला ४४,१०० आकडे. तीन मिनिटांच्या गाण्याचे जवळजवळ ८० लाख. एवढ्या पसाऱ्यात अंतरा संपल्यावर मुखडा आठवणार कसा? २०२० मध्ये ओपनएआयच्या ज्यूकबॉक्स या मॉडेलला एका मिनिटाच्या संगीतासाठी सुमारे ९ तास लागत. म्हणून ध्वनी आधी आटवून, म्हणजे थोड्या आकड्यांत बसवून, घ्यायची पद्धत महत्त्वाची ठरली. मेटाच्या २०२३ च्या म्युझिकजेन या मॉडेलमध्ये सेकंदाचे फक्त ५० टप्पे होतात, प्रत्येक टप्प्यात चार संकेत. वेग खूप वाढला. पण ध्वनीत सगळं एकजीव झालेलं असतं. त्यातला एकच स्वर कोमल करा म्हटलं, तर बाकीचं न हलवता ते करणं फार अवघड जातं.

म्हणून मला डीपबाख अजूनही मोलाचं वाटतं. जुने जर्मन संगीतकार बाख यांच्या धर्तीवर चार आवाजांच्या रचना करणाऱ्या या मॉडेलला आपण काही स्वर पक्के करून देऊ शकतो, उरलेले ते भरतं. नापसंत तुकडा पुन्हा भरून घ्यायचा. हिंदुस्थानी गायनासाठीचं २०२४ मधलं ‘गमधनी’ हे मॉडेलही मला त्याच वाटेवरचं वाटतं. ते आधी सुरांच्या चढउताराची रेषा तयार करतं आणि मग त्या रेषेचा आवाज करतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, सुट्या स्वरांच्या खुणांत मावत नाही, रेषेत मावते; आणि रेषा म्हटली की ती माणसालाही काढून देता येते.

मोजमापाचा प्रश्न आहेच. फ्रेशे ऑडिओ डिस्टन्ससारखं माप तयार झालेले ध्वनी खऱ्या संगीताच्या साठ्याशी एकंदरीत किती जुळतात ते सांगतं. चाल रंगली का, ते नाही. त्यासाठी आजही माणसांना बसवून ऐकवावं लागतं.

नवं मॉडेल आलं की मी आधी एकच गोष्ट करून बघते: पहिली ओळ आहे तशी ठेव आणि फक्त दुसरी बदल, असं सांगते. बहुतेकदा पहिलीही बदलून येते.