खाऱ्या हवेत जुन्या मारुतीची अँटेना बदलताना

रत्नागिरीकडच्या अरुंद रस्त्यांवर डाव्या मडगार्डवरची ओढायची अँटेना फार काळ सरळ राहत नाही. समोरून एसटी आली की गाडी गडग्याला (दगडी कुंपणाला) खेटवावी लागते आणि दांडी काजूच्या फांदीत अडकते. माझ्या मारुती ८००ची अँटेना तशीच बुडातून वाकली होती. दांडी वाकली म्हणून रेडिओ लगेच बंद पडत नाही. किनाऱ्यावर खरा घात होतो तो बुडाच्या नटाखाली, जिथे अँटेनाचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी होणारी विजेची जोडणी) पत्र्याला टेकतो. ती जागा गंजलेलीच ठेवून वर नवी दांडी बसवली, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तीही खरखरते.

सुटे भाग आणायच्या आधी तपासणी. लायटरच्या सॉकेटातला मोबाइल चार्जर काढून ठेवायचा. स्वस्तातले चार्जर एफएमवर इतका गोंगाट करतात की खापर अँटेनावर फुटतं. मग गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या पठारावर, न्यायची. खाडीकाठच्या वाडीत किंवा परशुराम घाटाच्या वळणांवर एफएम तुटतं ते डोंगर आड येतो म्हणून. मोकळ्या सड्यावरही खरखर राहिली तर सेट पुढे ओढून अँटेनाचा प्लग उपसायचा, सॉकेटच्या मधल्या भोकात ७५ सेंटीमीटरची साधी वायर खुपसायची (बाहेरच्या कड्याला ती लागू द्यायची नाही) आणि खिडकीबाहेर काढायची. एफएमच्या पट्ट्यातली १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटीमीटर. या वायरवर स्टेशन स्वच्छ लागलं तर सेट ठीक आहे.

आता मल्टिमीटर, प्लग सेटमधून काढलेला असतानाच. प्लगच्या टोकापासून दांडीपर्यंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. प्लगच्या बाहेरच्या कड्यापासून गाडीच्या बॉडीपर्यंतही तेवढेच. मीटरची पिन रंगावर न टेकवता उघड्या बोल्टवर टेकवायची. टोक आणि कडं यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. तिथे काही हजार ओहम दिसले तर बुडात खारं पाणी शिरलंय. अशा अँटेनावर एफएम बऱ्यापैकी लागतं, मीडियम वेव्ह मात्र मरते. १००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटरची. मीटरभर दांडीला तिच्यातून मिळतं ते इतकं थोडं असतं की एवढ्याशा गळतीतही ते वाहून जातं. आणि कड्याचा अर्थ सुटलेला असेल तर इंजिन रेडिओत ऐकू येतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जाते.

नवी अँटेना घेताना जुनी सोबत न्यावी. त्या काळी रेडिओ बरेचदा बाहेरून बसवून घेत, त्यामुळे भोक कुठे आणि केवढं याचा नेम नसतो. बाजारातल्या युनिव्हर्सल अँटेनाला बहुधा २२ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं. मडगार्डच्या उतारासाठी तिरपं रबर पॅड पाकिटात आहे का, ते बघावं. केबल सेटपर्यंत अखंड पोचेल अशीच घ्यावी. तोकडी पडली की कुणीतरी डिशची केबल जोडून देतो. एफएमपुरतं ते चालतं. पण कार अँटेनाची केबल मुद्दाम कमी कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवून धरण्याचा गुण कमी असलेली) बनवतात, आत अगदी बारीक तार आणि भोवती बरीचशी हवा. टीव्हीच्या केबलची कपॅसिटन्स बरीच जास्त, मीडियम वेव्ह तिच्यातच जिरते. वाढवायचीच असेल तर दोन्ही टोकांना तयार प्लग-सॉकेट असलेली कार अँटेनाची एक्स्टेन्शन मिळते.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवायची. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबलच्या टोकाला मजबूत दोरी बांधायची आणि केबल मडगार्डच्या बाजूने ओढून घ्यायची, म्हणजे नव्या केबलची वाट तयार राहते. वरच्या नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवायचा. तरीही हलत नसेल तर जोर करू नये. जुना पत्रा पातळ असतो, नट सुटण्याआधी तोच पिळवटतो. भोवती मास्किंग टेप लावून हॅक्सॉच्या ब्लेडने नट उभा कापलेला बरा, तो परत वापरायचा नाहीच.

आता खरं काम. अर्थासाठी पत्रा उघडा हवा आणि खाऱ्या हवेत उघडा पत्रा टिकत नाही. मी भोकाच्या फक्त खालच्या अंगाला, नटाच्या दातेरी वायसरच्या दातांपुरता, पॉलिश पेपरने रंग काढून पत्रा चकचकीत करतो. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. नट आवळला की दात जेलीतून पत्र्यात रुततात, अर्थ मिळतो, आणि आजूबाजूला हवा पोचत नाही. मीटर लावून कडं ते बॉडी शून्य आल्याची खात्री झाली की जोडाभोवती झिंक प्रायमर, त्यावर अंडरबॉडी कोटिंग. वरच्या पॅडखाली सिलिकॉन लावायचं तर आंबट वासाचं नको. त्यातून सुटणारं अ‍ॅसिड पत्रा खातं. न्यूट्रल प्रकारचं मागून घ्यावं. भोकाची कापलेली कड रंगवायला बहुतेकजण विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

केबल केबिनमध्ये शिरते तिथे रबराचं ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवंच, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यावा. पाणी झोलावरून ठिबकून जातं. तो नसेल तर केबलवरून थेट डाव्या पायदानात उतरतं.

छतावर आटे असलेली छोटी काडी असणाऱ्या गाड्यांचं काम सोपं, नवी काडी फिरवून बसवली की झालं. फक्त आटे ५ की ६ मिलिमीटरचे ते मोजावं. काहींच्या बुडात अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला सेटच्या निळ्या तारेतून १२ व्होल्ट लागतात. सेट बदलताना ती तार जोडायची राहिली, तर चांगल्या काडीवरही रेडिओ मलूल वाजतो.

जुन्या सेटमध्ये अँटेना ट्रिमरचा छोटा स्क्रू असतो, अँटेना किंवा केबल बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो. दांडी पूर्ण वर काढून मीडियम वेव्हवर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं अशक्त स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत भरेल तिथे स्क्रू सोडायचा. एफएमला त्याचा संबंध नाही. तिथे दांडी ७५ सेंटीमीटरपर्यंत काढली की पुरे.

ओली दांडी आत ढकलू नये, खारं पाणी नळीत उतरतं. ग्रीसही लावू नये, वाळू चिकटते; मशीन ऑइलचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसायचं. नळीच्या तळाला पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं. पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यातच, मी त्यात तार घालून ते मोकळं करतो.