आत नाग नाही, मग पाडू का?

"काका, आत नाग नाही. पाडू का?"

मी तोंड उघडायच्या आत पोराने कुदळ घातलीही. बांधावरच्या वारुळाची एक कड ढासळली आणि आत बोटभर रुंद, गुळगुळीत पोकळी दिसली. त्याला थांबवलं.

संध्याकाळी पुन्हा गेलो. भोकाच्या कडेने ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांची ताजी रांग लागली होती. डोळे नसलेली कामकरी वाळवी तोंडाने एकेक गोळी आणून लावत होती. बोट टेकवलं, माती गार लागली.

आपण म्हणतो मुंग्यांचं वारूळ, पण बांधते वाळवी. मुंग्या, धामण, नाग नंतर येतात. आणि वाळवी राहते खाली, जमिनीलगत, बुरशीची बाग जोपासत. त्याच बुरशीची अळंबी पावसाळ्यात वारुळावर उगवते, जी आपण आवडीने खातो.

मग वरचा एवढा डोलारा कशाला? श्वासासाठी. दिवसा बाहेरच्या पातळ कडा लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री प्रवाह उलटा. खालची कोंदट हवा अशी वर येते आणि सच्छिद्र भिंतींतून बाहेर झिरपते. दक्षिण भारतातल्या वारुळांवर हे मोजलंय, 2015 साली ते प्रसिद्धही झालं.

नागपंचमीला त्याच वारुळाला आमच्या घरचे हळदकुंकू वाहतात. पोराचं तरी काय चुकलं? नागाशिवाय वारुळाला किंमत असते, हे त्याला आम्ही कधी सांगितलं?

तुमच्या बांधावर आहे का अजून एखादं?