कडू घास नेताना

घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि शेजारी किंवा सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. आपल्याकडे बऱ्याच भागांत याला कडू घास म्हणतात. रीत सगळ्यांना माहीत असते, पण डबा भरताना गडबड होते. आणलेलं अन्न ताटात घट्ट गोळा होऊन बसतं, नाहीतर शेवटी त्याच घरातल्या बाईला उठून काहीतरी गरम करावं लागतं.

आधी विचारायचं, पण ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांना नाही; जाऊबाई, शेजारीण, कोणीही दुसरं. काही घरांत सुतकात फोडणी आणि हळद चालत नाही, काही ठिकाणी कांदा-लसूण वर्ज्य असतो. घरात मधुमेहाचं कोणी असेल तर त्यांची गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ जुळायला हवी. रडारडीत हे नेमकं राहून जातं.

दहा माणसांच्या पिठल्याला तीन वाट्या बेसन लागतं. घरी लगेच खायचं तर तिप्पट पाणी चालतं. डब्यातून न्यायचं असेल तर चौपट, वर अर्धी वाटी जास्तच, कारण बेसन गार होताना पाणी ओढत राहतं. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या. उकळत्या पाण्यात कोरडं पेरलं तर सवय नसलेल्या हाताने गुठळ्या होतात, आणि घाईत त्या मोडायला वेळ नसतो. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्चा वास राहतो. मिरची बेताची, रडून घसा सोललेला असतो. सोबत थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या. पिठलं घट्ट झालंच तर तिथे गॅस न लावता सैल करता येतं.

एक किलो ज्वारीच्या पिठाच्या मध्यम बारा-चौदा भाकऱ्या होतात. दहा जणांना तेवढ्या पुरतात, अशा दिवशी कोणी पोटभर जेवत नाही. पीठ जुनं असलं की विरी नसते आणि भाकरी थापताना फाटते. तेव्हा ते कढत पाण्यात मळावं. तव्यावरून उतरवल्यावर वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. गरम भाकऱ्या थेट डब्यात कोंडल्या की घाम सुटतो आणि खालच्या दोन लिबलिबीत होतात. अंत्यविधीला उशीर होणार असेल तर सरळ तेल लावलेल्या पोळ्या न्या. गार ज्वारीची भाकरी म्हाताऱ्या दातांना चावत नाही.

मऊ भाताचा मोह होतो, पण तो जपून. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर त्यात विषारी घटक तयार होतात आणि नुसतं पुन्हा गरम करून ते जात नाहीत. गरम न्यायचा, दोन तासांत संपवायचा. ताक वेगळ्या बाटलीत. खोबरं घातलेलं काही नकोच, उन्हाळ्यात तर मुळीच नको.

पत्रावळ्या, द्रोण, पेले, मीठ, वाढायचा डाव आणि पिण्याचं पाणी आपलंच. भांडी परत नाही आली तरी चालतील अशी द्यावीत, आणि घासायला त्या घरात एकही पडू नये.

पहिल्या दिवशी पाच घरांतून पिठलं येतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाही कोणी नसतं. म्हणून एकाने वाटणी करावी: कोणाकडे सकाळचा चहा-पोहे, कोणाकडे रात्रीचं जेवण. सकाळचंच सगळे विसरतात, आणि बाहेरगावचे पाहुणे त्याच वेळी येऊन धडकतात.

डबा ओट्यावर ठेवून निघू नका. घरचे एकटे ताटावर बसत नाहीत, आणि ‘थोडं खाऊन घ्या’ असं दारातून सांगून भागत नाही. आपलंही पान मांडायचं, पहिला घास आपण घ्यायचा. मग समोरचाही हात हळूहळू ताटाकडे जातो. गेलेल्या माणसाचा विषय काढला तर ऐकावं, नाही काढला तर गप्प जेवावं. आग्रह एकदाच.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले की पुन्हा एक डबा द्यावा, पण आता दोघांपुरताच. पातेलंभर दिलं तर उरलेलं टाकवत नाही, आणि पुढचे दोन दिवस ते शिळं मागे राहिलेलं माणूस एकटंच खात बसतं.