तुम्ही विचारलंत म्हणून : जपून ठेवलेले कोण वाचणार?

मी मोडी, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिले जात ती लिपी, वाचते हे कळले की बहुतेक जण हमखास विचारतात, की आजची पुस्तके आणि संगणकातल्या फायली जपून पुढच्या पिढ्यांना खरोखर काही उपयोग होणार आहे का? होणार आहे, असेच मी सांगते. फक्त नेमके काय उपयोगी पडेल, हे ठरवणे आपल्या हातात नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांच्या संग्रहातल्या, रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी) ज्या कारकुनांनी लिहिल्या, त्यांना इतिहास लिहायचा नव्हता, हिशेब जुळवायचा होता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि ते मोलाचेच आहेत. परंतु धान्याचे भाव, मजुरी आणि गावचा वसूल यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला आजही न निवडलेल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडावेच लागतात.

तो हातकागद आणि काजळाची शाई अजून शाबूत आहे. अडते ते वाचणाऱ्यापाशी. आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता, बोरू शक्यतो न उचलता लिहिली जाणारी मोडी एके काळी शाळेत शिकवली जाई, आणि आता घरच्या जमिनीचा कागदसुद्धा नातवंडांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

फायलींचे हेच होण्यास दोन पिढ्याही लागल्या नाहीत. नव्वदच्या दशकात जुळवलेल्या एका दिवाळी अंकाची फाइल मी अलीकडे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग उमटली, कारण त्या काळच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. त्याच अंकाची छापील प्रत पिवळी पडली होती, कडा मोडत होत्या, पण वाचता येत होती. (संगणकावर आले म्हणजे अमर झाले, असे म्हणणाऱ्यांना मी ती फाइल दाखवते.)

म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणून तपासावा आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात; ५ जानेवारी २००४ रोजी जुन्या हस्तलिखितांचा संग्रह असलेल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एकाच जागी असलेल्या संग्रहाची गत काय होऊ शकते हे आपण पाहिले आहे. मोबाइलमधल्या फोटोंना निदान कोण, कुठे आणि केव्हा एवढे तरी लिहून ठेवावे. ते सांगू शकणारी माणसे अजून घरात आहेत.