काळ्या मसाल्याच्या रश्शापुढे ठरलेली रेड वाइन

नाशिकजवळच्या एका वाइनरीच्या सेलरमध्ये मी काम करते. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा काळ, तेव्हा दम खायला फुरसत नसते. पण जिभेचा खरा कस लागतो तो वेगवेगळ्या वाइनचं मिश्रण ठरवायच्या दिवशी.

त्या दिवशी बाहेर पावसाची झड लागली होती. टेबलावर दोनच रेड वाइन होत्या, शिराझ आणि कॅबर्ने सॉविन्यॉं, दोन्ही आपापल्या द्राक्षाच्या नावाच्या. आमच्या उन्हात शिराझ झपाट्याने पिकते. साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. वाइन रसरशीत, गडद होते, पिकल्या जांभळासारखी लागते आणि शेवटी मिरीचा वास सोडून जाते. हा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा. खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. पण नुसती शिराझ घोटानंतर सैल पडते. कॅबर्ने नेमकी उलट: ताठ, तुरट, थोडी ढोबळ्या मिरचीच्या वासाची. एकीला कणा हवा, दुसरीला मांस.

ही जोडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला अंग यावं म्हणून ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताजची सिरा, म्हणजे आपली शिराझच, त्यात मिसळायचे. पुढे ऑस्ट्रेलियाने कॅबर्ने-शिराझ उघडपणे मिरवली. बोर्दोत मुळात मिश्रणाची सवय पडली त्यात हवामानाचाही मोठा हात. मर्लो ही तिथली दुसरी द्राक्षजात लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. पावसाने एकीला गाठलं तरी दुसरी हाताशी राहते.

शंभर मिलिलिटरच्या नळकांड्यात मापून आम्ही एकेक मिश्रण बनवत होतो, घोट घेऊन थुंकत होतो. ६० टक्के शिराझ, ४० टक्के कॅबर्ने यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो ग्लास खरंच देखणा होता: खोल वास, लांब रेंगाळणारी चव. वाइनमेकर सर वहीत आकडा लिहिणार, तेवढ्यात टाक्या सांभाळणारे अण्णा म्हणाले, "सर, जेवणाबरोबर एकदा पिऊन बघा ना. लोक काय नुसती पिणारेत?"

अण्णांच्या डब्यात काळ्या मसाल्याचं मटण होतं, वर बोटभर तर्री. बाजरीची भाकरी मोडून सगळ्यांनी रश्शात बुडवली आणि मग तोच ग्लास उचलला.

वाइन पार बदलली होती. घशाशी आग उठली, हिरड्या आवळल्या, फळाची चव तर गायबच. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल एकमेकांना चेतवतात, त्यात तुरटपणा आणखी टोचतो. मग ८० टक्के शिराझ, २० टक्के कॅबर्नेचा ग्लास फिरला. हाच आम्ही सकाळी 'जरा भोळा आहे' म्हणून बाजूला सारला होता. मटणाच्या चरबीने त्याचा उरलासुरला तुरटपणा गिळला, जांभूळ पुढे आलं, आणि मिरी मसाल्यातल्या मिरीला जाऊन मिळाली. सर काही न बोलता दुसरी भाकरी मोडायला लागले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्या रात्री उरलेला ग्लास मी घरी भरल्या वांग्यांबरोबर घेतला. दाण्याचं कूट आणि खोबरं असलं की शिराझ आणखी मऊ लागते. मासे मात्र या वाइनबरोबर नकोत. तुरट रेड वाइन आणि मासा एकत्र आले की तोंडात लोखंडासारखी चव येते.

६०-४० चा ग्लासही वाया गेला नाही. भाजलेलं मटण, जुनं चीज अशा कमी तिखट ताटासाठी तो वेगळा ठेवायचं ठरलं. ८०-२० दुसऱ्या दिवशी टाकीत उतरलं. ही बाटली घरी आणलीत तर 'रूम टेम्परेचर'वर विसंबू नका, ते थंड देशांतल्या खोल्यांचं. आपल्याकडे उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून, सोळा-सतरा अंशांवर आणून मग उघडा.