पाच मिलिमीटर : आमची वाटचाल

आम्ही रणगाड्यांच्या छोट्या मॉडेलांसाठी रेझिनचे भाग ओतून बनवतो. आमच्या कास्टिंगच्या खोलीत प्रेशर पॉट (रेझिनमधले बुडबुडे दाबून टाकणारं भांडं) ज्या टेबलावर आहे त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली एक पुस्तक घातलंय. आर्ट पेपरवर छापलेलं, शिवण बांधणीचं, एम४ए४ शर्मन या अमेरिकन रणगाड्यावरचं आमचं पहिलं पुस्तक. येणारा प्रत्येक जण वाकून बघतो आणि हळहळतो, ‘अहो, पुस्तक आहे हे!’ वाटचाल लिहा, वाटचाल लिहा म्हणून बरेच जण मागे लागले होते. लिहायचं तर त्या पुस्तकाबद्दलच लिहावं लागेल.

सुरुवात दोघांनी केली. मी मोजमापं घ्यायचो आणि आराखडे काढायचो, भागीदार मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, घडवायचा आणि रेझिन ओतायचा. एकाचं काम दुसऱ्याला अजिबात जमत नव्हतं, त्यामुळे भांडणं झाली नाहीत. ज्यांनी घरी रेझिन ओतून पाहिलंय त्यांना पहिल्या वर्षाबद्दल सांगायला नको. दमट हवेत झाकण उघडं राहिलं की डबा गेलाच म्हणायचा. रेझिनमधल्या आयसोसायनेट या रसायनाला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुमचा टरेट, म्हणजे रणगाड्याचा तोफेचा घुमट, स्पंजासारखा फुगतो. असे कितीतरी टरेट फेकले. सिलिकॉनचा साचा तीस-चाळीस वेळा ओतला की कडा फाटायला लागतात, रिव्हेट बोथट होतात. भागीदाराचा नियम होता, तिसावा तुकडा निघाला की साचा कात्रीने कापायचा. ठेवला तर एकतिसावा ओतायचा मोह होतो, म्हणून कापायचाच. मला तेव्हा ती उधळपट्टी वाटायची.

आम्ही एम४ए४ का धरला? मोठ्या कंपन्यांचे शर्मन मुबलक होते, पण हा रणगाडा साध्या शर्मनच्या किटमधून सरळ होत नाही. क्रायस्लरने सहा-सहा सिलिंडरची मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं एक धूड तयार केलं. ते मागच्या बाजूला मावेना म्हणून हल, म्हणजे रणगाड्याचं धड, लांब केली, बोग्यांमधलं (चाकांच्या जोड्यांमधलं) अंतर वाढवलं, चाकांवरून फिरणाऱ्या ट्रॅकचे दुवे एका बाजूला ७९ होते ते ८३ झाले. इंजिन थंड ठेवणाऱ्या सामानासाठी इंजिनाच्या झाकणावर एक फुगवटा आला. असे ७,४९९ बनले आणि बहुतेक ब्रिटिशांकडे गेले. त्यांनी त्याला शर्मन फाइव्ह म्हटलं आणि त्यातल्या काहींवर सतरा पौंडी तोफ चढवून फायरफ्लाय केला. म्हणजे फायरफ्लायची हौस असलेल्या माणसाला आज ना उद्या आमच्याकडे यावंच लागणार होतं. धंद्याचं गणित एवढंच होतं आणि ते बरोबर ठरलं.

पहिली चार वर्षं या रणगाड्याच्या रेझिन भागांचे सेट विकले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण एक गिऱ्हाईक सांगण्यासारखं आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात काम केलेला माणूस. अगदी पहिल्या यादीतला पहिला सेट त्यांनी घेतला आणि आठ दिवसांत परत पाठवला. सोबत एक कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला तुकडा आणि तीन बाण. मागची प्लेट ०.४ मिलिमीटर वाकडी. खाली लिहिलं होतं, ‘पैसे नकोत. सुधारून पाठवा.’ आम्ही सुधारून पाठवला. तेव्हापासून प्रत्येक नव्या सेटचा पहिला नग काकांकडे जातो. त्यांचा व्हर्नियर मी पाहिलाय. स्टीलचा, जबड्यांच्या कडा काळवंडलेल्या, पेटीला आतून हिरवं बनाताचं कापड. मोजण्याआधी ते जबडे मिटून उजेडासमोर धरतात. फटीतून उजेड दिसला तर त्या दिवशी मोजायचं नाही. डिजिटल कॅलिपर वापरणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी. आकडा दिसतो म्हणून शून्य खरं असतंच असं नाही.

मग पुस्तकाचं डोक्यात आलं. संग्रहालयांत काढलेले फोटो होते, जुनी मॅन्युअलं जमवलेली होती आणि माझे आराखडे होते: चारही बाजू, वरून, खालून, सगळं १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं. ही १:३५ कुठून आली हे नव्या मंडळींना माहीत नसतं म्हणून सांगतो. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर या जर्मन रणगाड्याचं किट काढलं ते मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढ्या आकाराचं. नंतर मोजलं तर ते साधारण १:३५ निघालं, आणि आज निम्मं जग त्याच मापात काम करतं. ज्या मापाचा जन्मच असा अंदाजपंचे झाला त्यात अर्ध्या मिलिमीटरवरून आम्ही रात्री जागवतो, याची गंमत मलाही वाटते.

आराखड्यांना दोन वर्षं लागली. एम४ए४ची हल ६.०६ मीटर, म्हणजे कागदावर १७३ मिलिमीटर. रुंदी २.६१६ मीटर, म्हणजे ७४.७ मिलिमीटर. टरेट ज्यात बसतो ते कडं ६९ इंची, कागदावर ५०.१. हे आकडे मला झोपेतही सांगता येतात. पुढचं वाचाल तेव्हा का ते कळेल.

छापखाना चांगला होता असं सगळे सांगत होते. मशीनवरचं प्रूफ बघायला बोलावलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, मशीन थांबलेलं, कामगार घरी जायच्या घाईत. मी पिशवीतून साध्या एम४ शर्मनच्या किटची हल काढली आणि बाजूने दिसणाऱ्या आराखड्यावर ठेवली. तंतोतंत बसली. मी सही केली.

जाणकारांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. साध्या एम४ची हल ५.८९ मीटर, मापात १६८ मिलिमीटर. ती एम४ए४च्या आराखड्यावर तंतोतंत बसायलाच नको होती, पाच मिलिमीटर कमी पडायला हवी होती! छपाईच्या प्लेटा काढताना पानाच्या कडेला जागा सुटावी म्हणून छापखान्यात कुणीतरी सगळी पानं ९७ टक्क्यांवर आणली होती. १७३ चे ९७ टक्के म्हणजे १६८. लांब हलचा आराखडा आखूड होऊन साध्या हलएवढा झाला होता आणि मी खूश होऊन घरी आलो. रुंदी मोजली असती तर ७२.५ दिसली असती. मोजली नाही. दोन वर्षं मीच काढलेला आराखडा होता, मोजायचं कशाला!

हजार प्रती छापल्या. एकशे ऐंशी रवाना झाल्या. सहाव्या दिवशी काकांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘चाकाचा व्यास किती धरलायस?’ म्हटलं, वीस इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. ‘पुस्तकात चौदा पूर्णांक एक आहे. सगळी चाकं. मी बाराही मोजली.’ मी फोन धरून उभा राहिलो. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘पट्टी घे, बाळा.’ त्याआधी त्यांनी मला कधी बाळा म्हटलं नव्हतं, नंतरही म्हटलं नाही.

छापखान्याचं म्हणणं एकच: प्रूफवर तुमची सही आहे. सही होतीच. पण फाइल आम्ही शंभर टक्क्यांची दिली होती, सोबतच्या कागदावर ‘मापात बदल करू नये’ असं ठळक लिहिलं होतं, आणि तो कागद ‘सापडत नाही’ असं मला काउंटरवर तोंडावर सांगण्यात आलं. आजही त्या रस्त्याने जायची वेळ आली तर मी वळसा घालतो. बिल मात्र त्यांनी पूर्ण वसूल केलं. तीन टक्के सूट मागायला हवी होती, असं भागीदार म्हणाला. त्या महिन्यात हसायला मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

आम्ही सगळ्या आराखड्यांचे सुटे तक्ते दुसरीकडे पुन्हा छापले, शंभर टक्के मापात, आणि नाव-पत्ता होता त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वखर्चाने पाठवले. उरलेल्या प्रती विकल्या नाहीत. ‘दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून विका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण चिठ्ठी पडते आणि पुस्तक राहतं. व्हॅक्यूम पंप विकला, सिलिकॉनवाल्याची उधारी थकली, दहा महिने एकही नवा सेट निघाला नाही. भागीदाराने नोकरी धरली. जाताना त्याने रागाने काही म्हटलं नाही, फक्त कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘तिसाव्याला कापत जा.’ मी कापतो.

आता एका सद्गृहस्थांकडे येऊ. नाव घेत नाही. ते आमचे सेट विकायचे, चांगले विकायचे. पहिल्या एकशे ऐंशीतल्या पंचवीस प्रती त्यांच्याकडे गेल्या होत्या. त्यांच्याकडून कुणी घेतल्या ती नावं त्यांनी आम्हाला कधीच कळवली नाहीत, म्हणून तक्त्यांचा गठ्ठाच त्यांच्याकडे पाठवला. तो त्यांनी बहुतेक फोडलाच नाही. दीड वर्षाने त्यांचा स्वतःचा एम४ए४चा हल-सेट बाजारात आला, आमच्याहून स्वस्त, झकपक खोक्यात. जाहिरातीत ‘स्वतंत्र संशोधनावर आधारित’.

आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. त्यांना दोष देत नाही, आमच्याकडे तेव्हा द्यायला काहीच नव्हतं. पण महिन्याभरात तक्रारी कानावर यायला लागल्या. किटचा टरेट त्या हलवर बसत नाही, भोक घासावं लागतं. कुणी म्हणे रेझिन आकसलं असेल. चांगलं पॉलियुरेथेन एवढं आकसत नाही हो! मी एक सेट दुसऱ्याच्या नावाने मागवला आणि काकांकडे गेलो. त्यांनी जबडे मिटून उजेडासमोर धरले. मग भोक मोजलं: ४८.६. लांबी: १६८. रुंदी: ७२.५. काकांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, शेजारी आमचे लिहिले, प्रत्येकाचा भागाकार केला. तिन्ही वेळा ०.९७.

नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात ते हेच. माझ्या चुकलेल्या पुस्तकावर ट्रेसिंग ठेवून काढलेलं संशोधन! विचारलं तेव्हा त्यांनी ‘योगायोग’ म्हटलं. ते आकडे मी जिथे जिथे प्रदर्शनात टेबल लावलं तिथे तिथे चौकटीत लावून ठेवले, खाली काहीही न लिहिता. बघणाऱ्यांना पुरत होतं. त्यांनी तो सेट गुपचूप मागे घेतला. माफी अजून यायची आहे.

त्यानंतर हळूहळू बस्तान बसलं. आज सेट आहेत, पितळी पत्र्याचे भाग आहेत, सहा पुस्तकं आहेत. ते कसं झालं यात कुणाला रस असेल असं वाटत नाही.

कुणी विचारलेलं नाही, पण सांगतो. आमच्याच काय, कुणाच्याही पुस्तकातला आराखडा वापरण्याआधी त्यातलं एक ठाऊक असलेलं माप मोजा, आणि एकच नको, आडवं एक आणि उभं एक. झेरॉक्स काढली तर पुन्हा मोजा. संग्रहालयातल्या रणगाड्याचे फोटो काढताना सोबत पट्टी ठेवा, कॅमेरा समोरून सरळ धरा आणि परवानगी मिळाली तर खालूनही काढा, तिथलं कुणी काढत नाही. डागडुजी केलेल्या रणगाड्याच्या रंगावर विसंबू नका, बोल्टांवर तर मुळीच नको, ते ज्या रणगाड्याचे मिळाले त्याचे लावलेले असतात. रेझिन घासताना पाणी लावून घासा, धूळ फुप्फुसात जाते. आणि प्रूफवर संध्याकाळी सही करू नका.

आता आमच्या प्रत्येक आराखड्याखाली बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ असते. सातव्या पुस्तकाचं प्रूफ गेल्या आठवड्यात काकांकडे पाठवलं. त्यांची नजर आता कमी झालीय, भिंग लागतं. परवा प्रूफ परत आलं. रेघेशेजारी पेन्सिलीने लिहिलंय: ‘९९.९. कागद सुकू दे, पुन्हा पाठव.’